दुसरी मोटार : किंमत आणि पडता

ज्या मालाचा भाव कमी तो माल स्वस्त, असे मानणारा मनुष्य आमच्या धंद्यात फार दिवस टिकत नाही. क्विंटलमागे पन्नास रुपयांनी स्वस्त मिळालेला हरभरा चाळणीवर घालावा, त्यातील माती, खडा, किडका दाणा व ओल वजा करावी, हमाली, भाडे, अडत आणि बारदान त्यात मिळवावे, तेव्हा कोठे खरा भाव हाती येतो. बाजारात आपण त्याला पडता म्हणतो. लश्करच्या दाल बाजारात चाळीस वर्षे मी हाच हिशेब करीत आलो आहे. तथापि घरासाठी दुसरी मोटार घेण्याची वेळ आली तेव्हा मी तो साफ विसरलो. त्या विस्मरणाची किंमत मला पैशांत मोजावी लागली, आणि पैशांहून मोठ्या गोष्टीतही. आपल्या व्यापारी बंधूंपैकी कोणावर ती पाळी येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा व्यापारी आहे. यंत्रशास्त्रातील जाणकार नव्हे. यास्तव येथे यंत्राची चर्चा थोडी व हिशेबाची अधिक आढळेल.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता एक मोटार आहे. दुसरीचा प्रश्न निघतो तो घरातील एखाद्या तरुणाला रोज मालनपूर, बानमोर, मुरैना किंवा डबरा येथे जाणे-येणे करावे लागते म्हणून. आमच्या घरी असेच झाले. थोरल्या चिरंजिवाने डबऱ्यास धान व गहू यांच्या खरेदीचे काम सुरू केले. लश्करहून जौरासी, टेकनपूर मार्गे डबरा म्हणजे झाशीच्या महामार्गावर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. जाऊन येऊन नव्वद. घरची मोठी गाडी लग्नकार्यासाठी, पाहुण्यांसाठी व सोनागिरच्या दर्शनासाठी घेतलेली. ती रोज महामार्गावर झिजवावी हे कोणालाच पसंत नव्हते. तेव्हा ‘रोजच्यासाठी एखादी स्वस्तातली दुसरी पाहू’ असे ठरले. ‘दुसरी’ आणि ‘स्वस्तातली’ हे दोन शब्द एकत्र आले, तेथेच चूक झाली.

दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालविण्यास राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ साली मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या मनाईच्या अंमलात पुढे फेरफार झाले. परंतु त्या काळात दिल्लीच्या कितीतरी जुन्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन शेजारच्या राज्यांत आल्या. अशीच एक दहा वर्षांची डिझेल गाडी मी ऑक्टोबर २०२१ मध्ये एका दलालामार्फत एक लाख साठ हजारांना घेतली. रंग चकचकीत, आसने नवी, आणि डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त. सौदा उत्तम झाला म्हणून मी मनात खूष होतो.

पुढील हिशेब माझ्या वहीतून देतो. आपल्या राज्याचा कर व नोंदणी बदलण्याचा खर्च बावीस हजार. टायर चौदा हजार. इंजेक्टर व टर्बो यांची दुरुस्ती दोन वेळा मिळून अठ्ठेचाळीस हजार. एकूण दोन लाख चव्वेचाळीस हजार. पंधरा महिन्यांत, दुरुस्तीखान्यात उभी असलेले दिवस वगळता, गाडी एकतीस हजार किलोमीटर चालली. अखेरीस ती धड स्थितीत विकली असती तर सत्तर हजार आले असते असे धरू. म्हणजे एक लाख चौऱ्याहत्तर हजार केवळ गाडीपोटी गेले. किलोमीटरला पाच रुपये साठ पैसे. यात डिझेलचा थेंबही धरलेला नाही.

‘धड स्थितीत विकली असती तर’ असे म्हणण्याचे कारण सांगितले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये एका सकाळी दाट धुके पडले होते. मागे दिवा नसलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. चिरंजिवाने ब्रेक दाबला, चाके जखडून गाडी सरळ घसरत गेली. कमरेचा पट्टा बांधलेला होता म्हणून जीव वाचला. परंतु गाडीत एअरबॅग नव्हती. छाती सुकाणूवर आदळून दोन बरगड्या मोडल्या व मनगटाचे हाड गेले. दवाखान्याच्या ओसरीवर बसलो असता मला आठवले, की घेताना मी गाडीची किंमत, रंग व डिझेलचा खर्च विचारला होता. धडक बसली तर आत बसलेल्याचे काय होईल, हे विचारले नव्हते. तेच वेळी आमची मोठी गाडी, सहा एअरबॅगांसह, अंगणात आच्छादन घालून उभी होती.

माझे सर्व सांगणे या एका गोष्टीत येते. आपण घरात जिला ‘दुसरी’ म्हणतो ती गाडी किलोमीटरांच्या हिशेबाने पहिली असते. आमची मोठी गाडी वर्षाकाठी चार हजार किलोमीटर चालत होती आणि ‘दुसरी’ त्याच्या सहापट. जी सर्वांत अधिक चालते, धुक्यात व उन्हात जिच्यात घरचा कर्ता मुलगा रोज दीड-दोन तास बसतो, तीच आपण सर्वांत कमी विचाराने निवडतो.

आता गाडी कशी निवडावी याकडे वळू.

पहिला प्रश्न गाडी हवी की नको हा. परिग्रहाला परिमाण असावे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. येथे ते व्यवहारालाही धरून आहे. चिरंजीव बरा झाल्यावर वर्षभर त्याने रेल्वेचा मासिक पास काढला. डबरा दिल्ली-झाशी मार्गावरच आहे. खर्च नगण्य, परंतु गाड्यांना उशीर झाला की मंडीचा सकाळचा लिलाव हुके. वर्षाच्या शेवटी हुकलेल्या लिलावांची नोंद पाहिली तेव्हा मोटारीची गरज हौसेची नाही, धंद्याची आहे, हे निश्चित झाले. ज्यांची वेळ रेल्वेशी जमते त्यांनी हा प्रयोग सहा महिने तरी करून पाहावा.

दुसरा प्रश्न, वर्षात किलोमीटर किती? हा आकडा अंदाजाने न घेता वहीत लिहावा. रोज नव्वद, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला सत्तावीस हजार. उलट मुरारहून दाल बाजारात येणाऱ्याचे वर्षाला पाच हजारही होत नाहीत. या दोघांसाठी एकच गाडी स्वस्त असू शकत नाही.

पेट्रोल एकशे सात रुपये लिटर व गाडी लिटरला वीस किलोमीटर देते असे धरू. सीएनजी पंच्याण्णव रुपये किलो व किलोला सव्वीस किलोमीटर धरू. जाहिरातीतील आकडे याहून बरेच मोठे असतात. ते प्रयोगशाळेतील असल्याने मी त्यांत घट धरली आहे. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालावेत. सत्तावीस हजार किलोमीटरला पेट्रोल एक लाख चव्वेचाळीस हजारांचे लागते व गॅस अठ्ठ्याण्णव हजार सहाशेंचा. वर्षाला सुमारे सेहेचाळीस हजार वाचतात. गॅसच्या गाडीला मूळ किमतीत नव्वद हजार अधिक पडले तरी ते दोन वर्षांत वसूल होतात. पाच हजार किलोमीटरवाल्याचे मात्र वर्षाला साडेआठ हजारच वाचतात. त्याला तेच नव्वद हजार वसूल होण्यास साडेदहा वर्षे लागतील. त्याने गॅसच्या पंपावर रांगेत का उभे राहावे? गॅस घेणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे की टाकीमुळे सामानाची जागा कमी होते व टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते.

विजेच्या गाडीचा चालविण्याचा खर्च सर्वांत कमी. शंभर किलोमीटरला चौदा युनिटे व युनिटला आठ रुपये धरले तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आतच पडते. रोजचे नव्वद किलोमीटर आजच्या लहान विजेच्या गाड्यांनाही जड नाहीत. परंतु गाडी रात्री स्वतःच्या जागेत उभी राहून भरली गेली पाहिजे. लश्करच्या जुन्या वस्तीत ज्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असते, त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून तार सोडण्याचा विचार करू नये. ज्यांच्याकडे अंगण आहे व ज्यांचे किलोमीटर अधिक आहेत, त्यांनी हा पर्याय अवश्य तपासावा. मूळ किंमत अधिक असल्याने व्याजासह हिशेब मांडावा.

डिझेलविषयी थोडक्यात. एप्रिल २०२० पासून भारत-६ चे कडक नियम लागू झाले आणि लहान डिझेल गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. नव्या डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी अडविणारी गाळणी असते; गावातल्या गावात थोडे थोडे चालविल्यास ती तुंबते. जुन्या डिझेलची कहाणी मी वर सांगितलीच आहे.

तिसरा प्रश्न नवी की जुनी. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता येथे मार्गदर्शक आहे. गाडीची विमा-किंमत ठरविताना सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस व पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के वजा करतात. म्हणजे तीन-चार वर्षांची गाडी घेणारा पहिल्या मालकाला मोठी घट सोसावयास लावतो. वर्षाला पाच-सात हजार किलोमीटर चालविणाऱ्यास तीन-चार वर्षांची लहान पेट्रोल गाडी हीच बहुधा सर्वांत किफायतीची.

जुनी घेताना आमच्या दादांची रीत आठवावी. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव महाराज शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला तो जनावरांचा मेळा म्हणून. मी लहान असता दादा मला बोटाला धरून तेथे नेत. पेढीच्या भारगाडीला बैल घ्यावयाचे असत. ते प्रथम शिंगांचा रंग पाहत नसत. दात मोजीत, खूर उचलून पाहत व बैलाला ओझ्यासह चालवून घेत. मोटारीचेही दात असतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. दुरुस्तीच्या नोंदी, विम्याचे जुने दावे, पुस्तकावर बँकेचा बोजा आहे काय, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, हे सर्व पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढील नूतनीकरणाचा खर्च एप्रिल २०२२ पासून मोटारीस सहाशेवरून पाच हजारांवर गेला आहे. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलासाठी खास घडविलेल्या नाहीत. ते कंपनीकडून विचारून घ्यावे. आणि गाडी स्वतःच्या विश्वासातील कारागिरास दाखवावी. विकणाऱ्याच्या कारागिरास नव्हे.

चौथा प्रश्न, जो मी विचारला नाही तो. नव्या मोटारींना एबीएस ब्रेक २०१९ पासून सक्तीचे झाले. चालकासाठी एअरबॅगही त्याच वर्षी आली. शेजारी बसणाऱ्यासाठीची सक्ती जानेवारी २०२२ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाली. म्हणून जुनी घ्यावयाची तर २०२२ किंवा त्यानंतरची घ्यावी, अथवा दोन्ही एअरबॅगा व एबीएस असल्याची खात्री करूनच घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात धडक-चाचणीचे तारांकन सुरू झाले आहे. ज्या गाडीची चाचणी झाली असेल तिचे तारे पाहावेत. स्वस्ताईच्या शोधात हे विसरणारा मी एकटा नाही. एक लाखाची मोटार म्हणून २००८ साली जिचा देशभर गाजावाजा झाला ती नॅनो २०१४ च्या जागतिक संस्थेच्या धडक-चाचणीत एकही तारा मिळवू शकली नाही, आणि सुमारे दहा वर्षांत तिचे उत्पादनही थांबले. त्याउलट डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० तीस वर्षे चालली. ती लहान होती. पण लोकांनी तिला केवळ किमतीसाठी घेतले नाही. ती रोज सकाळी सुरू होई, सुटे भाग गावोगाव मिळत व विकताना पैसा परत येई, म्हणून घेतले.

आमची नवी गाडी आम्ही २०२४ च्या मेळ्यात घेतली. जेथे दादा बैल पाहत त्या मेळ्यात आता मोटारींच्या रांगा लागतात. अलीकडच्या अनेक वर्षांत राज्य शासन मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना परिवहन करात निम्मी सूट देत आले आहे. पन्नास हजार कर असेल तर पंचवीस हजार वाचतात. परंतु ही सूट दर वर्षी स्वतंत्र आदेशाने मिळते, व नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात व्हावी लागते; आदेश निघाल्यावरच पैसे भरावेत. मेळ्याच्या नावाखाली विक्रेत्याने एरवीची सूट काढून तर घेतली नाही ना, हेही पाहावे. जानेवारीत गतवर्षी बनलेली गाडी नवी म्हणून गळ्यात पडण्याचा संभव असतो. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना व साल असते, ते वाचावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आहे, त्यामुळे मागील वर्षांचे भाव मनात धरून जाऊ नये. पेढीच्या नावे गाडी घेणाऱ्यांना आयकरात पंधरा टक्के घसारा मिळतो. परंतु मोटारीवर भरलेला वस्तू व सेवा कर सामान्यतः वळता मिळत नाही. ज्यांच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्गाचा टोलनाका आहे त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या वार्षिक पासाचा विचार करावा. मात्र त्यात दोनशेच फेऱ्या आहेत, रोज जाऊन-येऊन त्या शंभर दिवसांत संपतात.

आमच्या गाडीला सर्व मिळून सात लाख पडले. गॅसवर चालणारी, लहान इंजिनाची, एबीएस व एअरबॅगांसह. पाच वर्षांत एक लाख पस्तीस हजार किलोमीटर चालून दोन लाख ऐंशी हजारांना विकली जाईल असे धरले तर घट किलोमीटरला तीन रुपये अकरा पैसे, आणि गॅस तीन रुपये पासष्ट पैसे. एकूण पावणेसात. जुन्या गाडीचे पाच रुपये साठ पैसे, अधिक तेव्हाच्या भावाने डिझेल पाच रुपये सत्तेचाळीस पैसे, म्हणजे अकरा रुपयांवर. विमा व नेहमीची देखभाल दोन्हीकडे सारखी धरून सोडली आहे. कोणी म्हणेल, व्याज कोठे गेले? नव्या गाडीत पाच लाख चाळीस हजार अधिक गुंतले. नऊ टक्क्यांनी वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार सहाशे, किलोमीटरला एक रुपया ऐंशी पैसे. ते मिळवूनही नवी गाडी किलोमीटरला अडीच रुपयांनी, म्हणजे वर्षाला सुमारे अडुसष्ट हजारांनी स्वस्त ठरते. बरगड्यांचा हिशेब यात धरलेला नाही. तो मला मांडता आला नाही.

एक गोष्ट घरच्या मंडळींनी शिकविली तीही सांगतो. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून चिरंजीव घरी वेळेवर पोहोचण्यासाठी संध्याकाळी गाडी वेगाने हाकी. अपघातानंतर सौभाग्यवतींनी दोन डबे देण्यास सुरुवात केली. संध्याकाळचे जेवण तो डबऱ्यासच उरकतो व सावकाश येतो. नेमही राहिला, मुलगाही सुखरूप राहिला.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी वही सूनबाईंना तपासावयास दिली. आकडे बरोबर आहेत असे सांगून त्या म्हणाल्या, “बाबा, मोठ्या गाडीचाही पडता काढायचा का?” मी जरा कचरलो; परंतु हिशेबाला भिणारा व्यापारी कसला? घट, विमा व व्याज मिळून वर्षाला एक लाख साठ हजार आणि चाल चार हजार किलोमीटर. इंधन न धरताही किलोमीटरला चाळीस रुपये. तेवढ्यात भाड्याची गाडी दारात येते व चालकही सोबत येतो. महिनाभर घरात चर्चा झाली. अखेर मोठी गाडी विकली. सोनागिरला जाताना आता गाडी भाड्याने ठरवितो, आणि दाल बाजारात मी स्कूटरवर किंवा ई-रिक्षाने येतो.

आता घरात एकच मोटार आहे. तिला ‘दुसरी’ म्हणण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.